जुनी रोडबाईक आंबेनळी घाटात आणताना

महाड-पोलादपूरच्या सायकलवाल्याला कुणीही हेवा करावा असे रस्ते मिळाले आहेत. महाबळेश्वरला नेणारा आंबेनळी, खेडच्या वाटेवरचा कशेडी, भोरकडे चढणारा वरंध आणि पाचाडला जाणारा रायगडचा रस्ता. भारी रोडबाईक बघायला मात्र पुणे-मुंबई गाठावी लागते, आणि चांगली नवी कार्बन सायकल साधारण दोन लाखांच्या पुढेच जाते. म्हणून इथल्या तरुणांची नजर वापरलेल्या सायकलींकडे वळते, आणि ते योग्यच आहे. पण ती घेताना लोक नको तिथे घाबरतात आणि जिथे खरोखर पैसे बुडतात तिथे निर्धास्त असतात.

सर्वात मोठी भीती कार्बनची. ‘चार-पाच वर्षांत कार्बन थकतं, मग एक दिवस चालता चालता मोडतं,’ असं सर्रास ऐकू येतं. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. वारंवार ताण बसून थकण्याचा दोष अ‍ॅल्युमिनियममध्ये अधिक असतो. नीट बनवलेली कार्बन फ्रेम नुसत्या चालवण्याने सहसा संपत नाही. कार्बनला बाधतो तो आडवा मार: सायकल दगडावर आपटणं, गाडीच्या कॅरिअरवर पट्टा करकचून आवळणं, किंवा बोल्ट प्रमाणाबाहेर पिळणं. हँडलच्या स्टेमचे बोल्ट बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपासच आवळायचे असतात आणि तो आकडा अनेकदा स्टेमवर छापलेलाच असतो. साध्या एलन-कीने अंदाजे पिळणाऱ्या हाताला तो कळत नाही. त्यामुळे सायकल किती वर्षांची, यापेक्षा ती पडली होती का, हे आधी विचारा. सीटची नळी जिथे आवळली जाते ती जागा, बीबीच्या, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या, आसपासचा भाग आणि चेनकडची मागची दांडी उजेडात नीट बघा. नाणं हलकेच वाजवत गेलं की निरोगी भाग टणक वाजतो आणि आतून सुटलेला भाग बद्द वाजतो. ही पक्की परीक्षा नव्हे, पण शंका घ्यायला तेवढी पुरते. मिस्त्रीकडून चिमटा काढून त्याची आतली नळीही पाहून घ्या, कारण फ्रेमची दुरुस्ती जाणकाराकडून होऊ शकते, पण उतारावर चिमटा मोडला तर सावरायला वेळच मिळत नाही.

‘फार चालवलीच नाही, नुसती उभी होती,’ हे विकणाऱ्याचं वाक्य ऐकून अनेकांना हायसं वाटतं. कोकणात मला तेच वाक्य काळजीचं वाटतं. कार्बन फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमची सीटची नळी असेल तर दमट हवेत दोन्हींच्या मध्ये गंज धरतो आणि नळी कायमची चिकटते. म्हणून बोल्ट सैल करून नळी दोन बोटं वर-खाली होते का, हे समोर करून दाखवायला सांगा. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, त्याच दिवसांत चिपळूणही बुडालं. पाणी ओसरलं की घरातलं सामान धुऊन वापरात आणावंच लागतं, त्यात कुणाचं काही चुकत नाही. पण पुराचा बारीक गाळ बेअरिंगमध्ये शिरला की बाहेरच्या धुण्याने निघत नाही. इथली किंवा चिपळूणकडची त्याआधीची सायकल असेल तर चाक उचलून हळूच फिरवा, क्रँक चेन उतरवून फिरवा. बोटांना कचकच जाणवली तर बीबी उघडून बघितल्याशिवाय व्यवहार करू नका.

मोठ्या नावावरचा विश्वास हा तर सगळ्यात महाग गैरसमज आहे. शिमानोच्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एस या वरच्या दर्जाच्या संचांमधल्या अकरा स्पीडच्या काही क्रँकचे चिकटवलेले भाग सुटत असल्यामुळे कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये जगभर तपासणी जाहीर केली. १ जून २०१२ ते ३० जून २०१९ या काळात बनलेले हे क्रँक. आज जुन्या बाजारात येणाऱ्या अनेक भारी सायकली नेमक्या याच काळातल्या आहेत. क्रँकच्या आतल्या बाजूला दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. ती ‘केएफ’पासून ‘आरएफ’पर्यंतच्या क्रमातली असतील तर शिमानोच्या विक्रेत्याकडून तपासणी झाली आहे का, हे विचाराच.

घाटाच्या दृष्टीने वजनाचा बडेजावही जरा खाली आणायला हवा. पोलादपूर ते महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटरमध्ये सव्वा हजार मीटरच्या आसपास चढ आहे. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर सायकल २ किलोने हलकी झाल्यावर एकूण भार अडीच टक्केच घटतो. तीन तासांच्या चढाईत वाचतात चार-साडेचार मिनिटं. त्याहून कितीतरी जास्त फरक गिअर पाडतात. शर्यतीसाठी बांधलेल्या जुन्या सायकलींवर पुढे ५३-३९ आणि मागे ११-२५ असा संच अनेकदा असतो. सर्वात हलक्या गिअरमध्येही पॅडलच्या एका फेरीत सायकल सव्वातीन मीटर पुढे जाते. तेच पुढे ३४ आणि मागे ३४ असेल तर दोन मीटरच्या थोडं पुढे. गुडघे जपायचे असतील तर दुसरीच घ्या.

ब्रेकबद्दल मी ठाम आहे. रिम ब्रेक जुने म्हणून टाकाऊ नव्हेत, कोरड्यात ते उत्तम चालतात आणि त्यांची देखभाल सोपी आहे. पण कार्बनच्या रिमवर रिम ब्रेक असलेली सायकल घेऊन आंबेनळी उतरू नका. सतत ब्रेक धरल्याने रिम तापते, तिचे थर सुटू शकतात, आणि पावसात ब्रेक उशिरा धरतो. अशी सायकल स्वस्त मिळाली तर अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांचा खर्च त्यातच धरा.

मापाबद्दल थोडक्यात: सीट वर-खाली करून उंची जुळते, लांबी जुळत नाही. मोठी फ्रेम कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

राहिली किंमत. ‘मी अडीच लाखाला घेतली होती,’ हा विकणाऱ्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे तीच सायकल आज नव्यानेच साडेपंधरा हजारांनी स्वस्त पडायला हवी. तुलना आजच्या नव्या किमतीशी करा. मग चेन मोजा: बारा पूर्ण कड्या ३०४.८ मिलिमीटर भरायला हव्यात. अकरा-बारा स्पीडच्या चेनमध्ये दीड मिलिमीटर वाढ दिसली की ती बदलायची, आणि तशीच दामटलेली असेल तर कॅसेटही खाल्लेली असते. चेन, कॅसेट, दोन टायर, ब्रेक पॅड, केबल, बार टेप यांना माझ्या हिशेबाने पंधरा-वीस हजार सहज लागतात. ते ठरलेल्या भावातून वजा करून घ्या. फ्रेमची आजन्म हमी बहुतेक कंपन्या पहिल्या मालकालाच देतात, तेव्हा तिचे पैसे मोजू नका.

आणि सायकलला आरसी नसते म्हणून कागदांची गरज नाही, असं समजू नका. फ्रेमचा क्रमांक बहुधा बीबीच्या खाली असतो. तो मूळ बिलाशी ताडून पाहा, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सही केलेली विक्रीची चिठ्ठी घ्या, पैसे खात्यावर पाठवा. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बिल हरवलं आणि क्रमांकही खरवडलेला असेल, तर भाव न विचारता परत फिरा.