नागरी अद्भुतकथा आणि धारपांचा समर्थ

नागरी अद्भुतकादंबरीत मला जादूपेक्षा तिचे नियम आवडतात. बेन आरोनोविचच्या २०११ च्या ‘रिव्हर्स ऑफ लंडन’मध्ये नद्यांची दैवतं माणसांसारखी वावरतात, पण नायक पोलीस शिपाई असल्यामुळे भुताचाही जबाब रीतसर नोंदवायचा असतो. नारायण धारपांच्या (१९२५–२००८) समर्थकथा मी याच रांगेत ठेवतो. त्या भयकथाच, असं कुणी म्हणेल. पण निव्वळ भयकथा वाचकाला घाबरवून सोडते. या कथांचा नायक समर्थ मात्र अमानवी शक्तीचा अभ्यास करतो, तिच्या मर्यादा हेरतो, मग सामना करतो. आजूबाजूला नोकरी-संसारातली साधी माणसं असतात, म्हणून ते पटतं.

दुसरा आक्षेप असा, की नागरी अद्भुतकथेला महानगरच लागतं. खानदेशातल्या फैजपूरसारख्या गावात काय? मला हे पटत नाही. लागते ती गर्दी आणि जागेला चिकटलेला इतिहास. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन फैजपूरलाच भरलं. अध्यक्ष नेहरू, आणि नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या सामग्रीतून सजवलेलं टिळकनगर. काही दिवसांसाठी उभं राहून नाहीसं झालेलं अख्खं नगर! याहून चांगलं कथाबीज लंडनकडे तरी आहे का? खानदेशातल्या लिहित्या मंडळींनी हे मनावर घ्यावंच.