घोड्यांची फिजिओथेरपी: आधी व्हेट व्हायचं की आधी माणसांचा फिजिओ?

नीटचा निकाल लागला की आपल्या घरांतली चर्चा ठरलेली असते. एमबीबीएस मिळालं तर अल्हम्दुलिल्लाह, नाही तर बीडीएस, नाही तर बीयूएमएस. त्याच मार्कांवर आणखी दोन दरवाजे उघडतात, तिकडे फारसं कुणी पाहत नाही. एक गुरांच्या डॉक्टरकीचा, दुसरा फिजिओथेरपीचा. आणि या दोन्ही दरवाजांतून पुढे जाऊन एकत्र येणारा एक हुनर आहे, घोड्यांची फिजिओथेरपी.

घोडा आपल्याला परका नाही. नालबंद हे आडनाव आपल्यातच आहे. टांगे गेले, पण माथेरानला मोटारींना बंदी असल्याने आजही घोडे चालतात. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. पुण्यात, महालक्ष्मीला रेसकोर्स आहेत. जनावरं सांभाळणाऱ्यांची मुलं आता त्यांच्यावर इलाज करणारी का होऊ नयेत, एवढंच आमचं म्हणणं.

हे काम म्हणजे नुसती मालिश नव्हे. शर्यतीचा घोडा साधारण साडेचारशे-पाचशे किलोचा, आणि भार पेलायला पाय काडीसारखे. पुढच्या पायाचा टेंडन फाटला तर तो भरून यायला नऊ महिने, कधी वर्ष लागतं. नुसता तबेल्यात बांधून ठेवला तर टेंडन वेडावाकडा जुळतो. घाईने पळवला तर पुन्हा फाटतो. सुरुवातीला बर्फाचा शेक, मग हाताने धरून रोज मोजून मिनिटं चालवणं, मग हळूहळू दुडकी चाल. मध्येमध्ये सोनोग्राफी करून डॉक्टर पुढची पायरी ठरवतो. गाजर दाखवून मान पोटाकडे वळवायला लावणं हासुद्धा पाठीचा व्यायाम आहे. पेशंट बोलत नाही, म्हणून नजर तयार करावी लागते. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो, चांगल्या पायावर खाली झुकवतो. हे ओळखायला शेकडो घोडे चालताना पाहावे लागतात.

आता शिक्षण. भारतात घोड्यांच्या फिजिओथेरपीची स्वतंत्र सरकारमान्य पदवी नाही, ही गोष्ट आधी लक्षात घ्या. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे जनावरावर इलाज करण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या पशुवैद्यकाचा. फिजिओने काम करायचं ते त्याच्या देखरेखीखाली. त्यामुळे आठवड्याभरात सर्टिफिकेट देणारे ऑनलाइन कोर्स शिकायला ठीक, पण त्या कागदावर तबेल्यात कुणी उभं करणार नाही.

पहिली वाट पशुवैद्यकाची. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि नीट. महाराष्ट्रात हे नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे, म्हणजे माफसूकडे आहे. मुंबईचं १८८६ सालचं कॉलेज, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ. माफसूचा अर्ज वेगळा भरावा लागतो. नीट दिली म्हणून नाव आपोआप लागत नाही, आणि पोरं इथेच चुकतात. पुढे शल्यचिकित्सेत एम.व्ही.एस्सी. करून घोड्यांकडे वळता येतं. या पदवीवर सैन्याच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्येही जाता येतं. हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, तिथलं कामही पाहून घ्यावं.

दुसरी वाट माणसांच्या फिजिओथेरपीची, साडेचार-पाच वर्षांची. त्यानंतर परदेशात प्राण्यांच्या फिजिओथेरपीचं पदव्युत्तर शिक्षण. ब्रिटनमध्ये लिव्हरपूल आणि हार्टपुरी विद्यापीठांत असे कोर्स आहेत. हार्पर ॲडम्समध्ये तर थेट बारावीनंतर पदवीही आहे, मात्र त्या पदवीवर माणसांवर उपचार करता येत नाहीत. घोड्यांचं काम मिळालं नाही तर दुसरा धंदा हातात राहत नाही, हे पालकांनी समजून घ्यावं. अमेरिकेत टेनेसी विद्यापीठाचा घोड्यांच्या रिहॅबचा सर्टिफिकेट कोर्स आहे, पण तो आधीच व्हेट किंवा फिजिओ असलेल्यांसाठी.

आमचं मत विचाराल तर इथेच राहायचं असेल त्याने पहिली वाट धरावी. इलाजाचा हक्क स्वतःच्या हातात राहतो, आणि घोडे कमी आले तरी गाई-म्हशी, कुत्री-मांजरी आहेतच. बाहेर जायची तयारी असेल तर दुसरी वाट सोपी. भारतीय व्हेटला ब्रिटनमध्ये डॉक्टर म्हणून काम करायला तिथली परीक्षा पास व्हावी लागते. मुलींसाठीही दुसरी वाट आम्हाला जास्त पक्की वाटते, कारण गुडघे आणि कंबर दुखणारी माणसं प्रत्येक गावात आहेत आणि बायकांना बाई फिजिओच हवी असते. अर्थात व्हेट होण्यापासून तिला कुणी अडवू नये.

पैशाचा प्रश्न मोठा. इथलं सरकारी कॉलेज झेपतं, ब्रिटनचा खर्च लाखांत जातो. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्ज आहे, व्याजाबद्दल मात्र आपल्या आलिमांशी मशवरा करावा. आम्ही तर म्हणू, आधी इथली पदवी, मग दोन वर्षं नोकरी, मग बाहेरचा विचार.

एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. रेसकोर्सची कमाई हलाल कशी? घोड्यांच्या शर्यती खुद्द हजरत मुहम्मद (स.) यांनी लावल्या होत्या. हफ्यापासून सनिय्यतुल विदापर्यंतच्या शर्यतीचा उल्लेख सहीह बुखारीत आहे. हराम आहे तो त्यावरचा जुगार. जखमी जनावराचा इलाज आणि सट्टा या दोन गोष्टी आम्ही एक मानत नाही, पण पगार नेमका कुठून येतो हे पाहून फतवा विचारणं बरं. ज्यांना रेसकोर्स नकोच, त्यांना सैन्य, पोलीस दलाचे घोडे, रायडिंग स्कूल, स्टड फार्म आहेत. कोकणातली आपली कितीतरी घरं आखातात आहेत. तिथे दुबईसारख्या ठिकाणी घोड्यांची खास हॉस्पिटलं आहेत, लांब पल्ल्याच्या एंड्युरन्स शर्यती होतात. पण तिकडेही आधी पदवी आणि तिथला परवाना विचारतात, ओळख नाही.

अकरावी-बारावीच्या सुट्टीत मुलाला किंवा मुलीला महिनाभर एखाद्या तबेल्यात पाठवा. फजरनंतर लगेच निघायचं, लीद काढायची, खरारा करायचा, घोड्याच्या मागे कधी उभं राहायचं नाही हे शिकायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घेऊन ठेवा. महिन्यानंतरही पोर खुशीने जात असेल तर अर्ज भरायला बसा.