किनाबातांगनच्या काठी दोन दिवस

क्वालालंपूरला मेहुण्याकडे गेलो होतो. उंच मनोरे पाहून झाले, मशिदी पाहून झाल्या, बाजारही झाला. मग आमच्या अकरा वर्षांच्या लेकीने हट्ट धरला, "अब्बा, ओरांगउटान बघायचाय. पिंजऱ्यातला नाही, झाडावरचा." तिच्या हट्टापायी आम्ही विमानाने तीन तासांवरचे सांदाकान गाठले. हे शहर बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या साबा राज्यात आहे. देश तोच असला तरी साबामध्ये उतरल्यावर पासपोर्टवर पुन्हा शिक्का मारावा लागतो, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

सांदाकानहून सुकाऊ गावापर्यंत गाडीने दोन-अडीच तास लागतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडेच झाडे. सौ. खूश होऊन म्हणाली, "आपल्या नारळी-पोफळीच्या बागांतून चाललोय असं वाटतंय." अर्ध्या तासाने ती गप्प झाली. एकच झाड, एकाच उंचीचे, रांगेत लावलेले. डोंगर आला तरी तेच, उतार आला तरी तेच. ही तेलताडाची लागवड होती. तिचा आमच्या लेकीच्या हट्टाशी काय संबंध, ते तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही.

किनाबातांगन ही साबामधली सर्वांत लांब नदी. सुमारे ५६० किलोमीटर वाहून ती सुलू समुद्राला मिळते. तिच्या काठी राहणाऱ्या लोकांना 'ओरांग सुंगाई' म्हणजे नदीची माणसे म्हणतात. हे बहुतेक मुसलमान, आणि मलेशियातल्या बाकी मुसलमानांप्रमाणे, आपल्या कोकणातल्या लोकांप्रमाणेही, शाफई. त्यामुळे सलाम केल्यावर परकेपणा उरला नाही. गावातल्या एका कुटुंबाने लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या आपल्या घरातली खोली आम्हाला दिली होती. जेवायला भात, मासे आणि नदीतली मोठी कोळंबी. खाण्यापिण्याची चिंताच नव्हती.

नदीवर फिरण्याच्या वेळा ऐकून मला गंमत वाटली. एक फेरी फज्रनंतर, दुसरी असरनंतर. दुपारच्या उन्हात प्राणी सावलीत दडून बसतात. सकाळी ते खायला निघतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास काठाच्या झाडांवर झोपायला येतात. आमचे होडीवाले साठीच्या घरातले होते. तिकडे वडीलधाऱ्यांना 'पाचिक' म्हणतात, म्हणजे आपले चाचा. पाचिकनी सगळ्यांना लाईफ जॅकेट घालायला लावले, पाण्यात हात घालू नका म्हणून बजावले (नदीत मगरी आहेत), आणि होडी मनंगुल नावाच्या अरुंद उपनदीत घातली.

दहा मिनिटांत त्यांनी मशीन बंद केले. समोरच्या झाडावर माकडांचा कळप होता. नराचे नाक काकडीसारखे तोंडावर लोंबत होते. लेक हसू आवरेना. हे लांब नाकाचे माकड बोर्निओशिवाय जगात कुठेही रानात आढळत नाही. मलय लोक त्याला थट्टेने 'डच माकड' म्हणतात, कारण जुन्या काळी आलेल्या डच लोकांची नाके त्यांना अशीच मोठी वाटली. ते पाने आणि कच्ची फळे खाते, आणि वेळ पडली तर झकास पोहते.

पुढे धनेश दिसले. आमच्या चिपळूणकडच्या रानातही धनेश आहेत, पण इथे बोर्निओतल्या आठही जाती एकाच नदीकाठी आढळतात. मादी झाडाच्या ढोलीत बसून स्वतःला आतून लिंपून घेते आणि नर फटीतून तिला घास भरवतो, हे पाचिकनी खुणांनीच समजावले. ढोलीसाठी मात्र जुने, जाड झाड लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, धुके उठता उठता, लेकीची मुराद पुरी झाली. उंच फांदीवर ओरांगउटानची मादी, पोटाशी पिल्लू. आम्ही कुणी बोललो नाही. ही मादी साधारण सात-आठ वर्षांतून एकदा विते. इतकी वर्षे ती पिल्लाला रोज नवे घरटे कसे बांधायचे, कुठले फळ कधी खायचे, हे शिकवत राहते.

परतताना मी पाचिकना म्हणालो, "माशाअल्लाह, तुमच्याकडे किती जनावरं! दोन दिवसांत एवढी दिसली." ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी होडी काठाला लावली आणि आम्हाला चढावर नेले. जेमतेम काही पावले झाडी, आणि पलीकडे विजेच्या तारेचे कुंपण. कुंपणामागे तेलताड, नजर पोहोचेपर्यंत.

"माझ्या लहानपणी जनावरं शोधावी लागत," ते म्हणाले. "आता त्यांना लपायला जागाच नाही, म्हणून दिसतात."

आधी लाकडासाठी मोठी झाडे गेली, मग लागवड आली. २००५ मध्ये सुमारे २६ हजार हेक्टर जंगलाला अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले, पण ते सलग नाही, नदीकाठी दहा तुकड्यांत विखुरलेले आहे. ठेंगण्या बोर्निओ हत्तींची वाट कुंपणे अडवतात. आम्हाला हत्ती दिसले नाहीत, चिखलातली त्यांची पावले तेवढी दिसली. ओरांगउटानला पोहता येत नाही, आणि ओढ्यावर दोन्हीकडून फांद्या भिडणारी झाडे उरली नाहीत. म्हणून सुकाऊत १९९८ पासून काम करणाऱ्या 'हुतान' संस्थेने ओढ्यांवर दोरांचे पूल बांधले. गावातल्या बायका रोपे लावून जंगलाचे तुकडे जोडत आहेत.

रात्री लेकीने विचारले, "एवढं तेल खातं कोण?"

मी सांगितले, "आपण." पामतेलाची सर्वांत मोठी आयात भारत करतो. घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातली पाकिटे वाचायला घेतली. बिस्किटे, फरसाण, नूडल्स, सगळीकडे 'पाम' किंवा 'पामोलीन'. हे तेल वाईट आहे असे नाही. तितक्याच जमिनीत सोयाबीन किंवा सूर्यफूल याच्या कितीतरी कमी तेल देते, त्यामुळे नुसता बहिष्कार टाकून जंगल वाचणार नाही. पण उधळपट्टी टाळणे आपल्या हातात आहे. रमजानमध्ये आमच्या घरी रोज कढई चढायची, आणि उरलेले तेल सकाळी मोरीत जायचे. यंदा आठवड्यातून दोनच दिवस तळण करायचे ठरले. भज्यांच्या जागी खजूर, फळे, उकडलेले चणे. कुणाची तक्रार आली तर लेक सांगते, "त्या पिल्लाला मोठं व्हायला अजून सहा वर्षं लागणार आहेत."

जाणाऱ्यांसाठी थोडे: एप्रिल ते ऑक्टोबर पाऊस कमी असतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, डासांचे औषध आणि दुर्बीण न्या. फ्लॅश मारू नका, प्राण्यांना खायला घालू नका. आणि शक्यतो गावकऱ्यांच्याच घरी उतरा. जंगल राहिले तर आपले घर चालते, हे त्यांच्या मुलांना त्यातूनच दिसेल.