दगडावरची बावीस नावे

मी जुन्नर तालुक्यातल्या आण्याचा, कॉलेजात शिकवतो. सुटीत गावी गेलो की पोरे विचारतात, ‘सर, कोरेगावला ५०० महारांनी पेशव्यांची २८,००० फौज कापली ना?’ हे त्यांनी पुढाऱ्यांच्या भाषणांत ऐकलेले असते.

पराक्रम फुगवण्याचा हा रोग केवळ आपल्याकडचा नाही. फिलिपाईन्सच्या मार्कोसने महायुद्धातील शौर्यपदके मिरवून सत्ता मिळवली. त्याच्या गनिमी पथकाचा दावा अमेरिकी लष्कराने पूर्वीच खोटा ठरवला होता, हे १९८६ साली उघड झाले.

आपल्याला फुगवण्याची गरज काय? १ जानेवारी १८१८ रोजी कंपनीच्या पलटणीत महारांबरोबर इतर जातींचेही शिपाई होते. पेशव्यांची सारी फौज लढाईत उतरली नव्हती. स्तंभावर मृतांची ४९ नावे आहेत. त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, ते महार. एवढी सेवा नोंदलेली असूनही १८९२ साली महारांची लष्करभरती बंद झाली. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केला, तो खऱ्या सेवेच्या आधारावर.

फुगवलेला आकडा खोटा ठरला, की विरोधक ती २२ नावेही नाकारतील. म्हणून दगडावर आहे तेवढेच सांगावे. ते पुरेसे आहे.