विद्युत्-जालातील संदेशवहन : एका गैरवाचनाचा प्रश्न

कस्तुरबा गांधी मार्गावरील दिवा शेकडो किलोमीटर दूरच्या वाहिनीशी बांधलेला असतो, हे ३० जुलै २०१२ रोजी, रात्री अडीचच्या सुमारास, दिल्लीच्या प्रत्ययास आले. बीना-ग्वाल्हेर वाहिनीवर बिघाड नव्हता, होता तो अतिभार. परंतु संरक्षक रिलेने त्यालाच दूरचा बिघाड समजून वाहिनी तोडली आणि उत्तरेचे ग्रिड कोसळले. हे एक प्रकारचे गैरवाचनच म्हणावे लागेल. रिलेपाशी केवळ स्थानिक दाब व प्रवाह यांचे गुणोत्तर होते, संदर्भ नव्हता. दुसऱ्याच दिवशी तसाच प्रकार अधिक व्यापक प्रदेशात घडला. असा संदर्भ फेझर-मापकांच्या जाळ्यातून मिळतो. उपग्रहाच्या कालसंकेताशी जुळवलेली त्यांची मोजमापे, मनोऱ्यांच्या माथ्यावरील भूतारेत दडलेल्या प्रकाशतंतूंतून, भारप्रेषण केंद्राकडे जातात. तेथे दोन दूरस्थ स्थळांच्या कोनांतील वाढते अंतर, वाहिनी तुटण्यापूर्वीच, दिसू शकते.