ओल्या हातांसाठी

सकाळी ८.०० : बुधवार, त्यामुळे माहीमच्या गोपी टँक मंडईत झुंबड. मी मासळी घ्यायला कमी आणि बघायला जास्त आलेय. छोट्या विक्रेत्यांच्या उधारीचं अ‍ॅप आम्ही बनवतोय. त्यातला उधारी मांडायचा स्क्रीन माझ्याकडे आहे. ओळखीच्या मावशी चाचणीची आवृत्ती वापरतात. पापलेट कापता कापता गिऱ्हाईक म्हणतं, "तीनशे मांडून ठेवा." मावशी हात पदराला पुसून बोट टेकवतात. स्क्रीनवर पाण्याचा थेंब. तीनशेचे तीन हजार! "याला काय झालं गं पोरी?" टचस्क्रीनला बोट कळतं ते विजेच्या भारात होणाऱ्या बदलावरून, पाण्यानेही तो बदल होतो, म्हणून थेंबालाही स्क्रीन बोटच समजतो.

१०.०० : बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला सेंट मायकल चर्चमध्ये लोटलेली गर्दी, वाहनं जागच्या जागी. चालतच ऑफिस गाठते. मीटिंगमध्ये सूचना येते : रक्कम मांडली की फोनने ती मोठ्याने बोलावी, क्यूआरच्या साउंडबॉक्ससारखी. ऐकायला छान. पण आलेले पैसे जाहीर झाले तर दोघांनाही बरं वाटतं. कुणाची उधारी चारचौघांत पुकारली, तर ते गिऱ्हाईक उद्या पलीकडच्या पाटीवर जाईल. आवाज रद्द, नुसती थरथर ठेवायची.

१२.०० : स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर, फिग्मा, उघडते. अँड्रॉइडवर बटण निदान ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर असावं, असं गूगल सांगतं. मंडईत तेवढ्याने भागत नाही. आकडे मोठे करते, मधली जागा वाढवते, शून्य कडेपासून आत घेते. 'खात्री आहे का?' विचारणारी चौकट काढून टाकते. घाईत ती न वाचताच 'हो' केली जाते. त्याऐवजी नोंद लगेच होईल आणि खाली 'मागे घ्या' हे बटण थोडा वेळ थांबेल.

३.०० : जेवण उरकून अक्षरांकडे. फॉन्ट मुक्त, मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेचा. पण ओळीची उंची इंग्रजी मजकुरावरून ठरलेली. माशाचं नाव 'कर्ली' लिहिलं की रफार आणि वेलांटीचा माथा कापला जातो, 'मुडदुशी'चे उकार खालच्या रेषेत घुसतात. उंची वाढवते, यादीत एक नाव कमी दिसेल, दिसू दे. फिकट राखाडी अक्षरंही गडद करते. अक्षर आणि पार्श्वभूमीत ४.५ ला १ एवढा फरक हा वेबचा आंतरराष्ट्रीय किमान निकष. उन्हात त्याहून जास्तच लागतो.

५.०० : डेव्हलपरशी बोलणं. 'मागे घ्या' दाबायच्या आत फोन बंद पडला तर? नोंद राहायची की जायची? राहायची, असं ठरतं. गेलेली उधारी कुणी आठवणीने सांगायला येत नाही.

७.०० : उद्याची तयारी. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी २००० साली मांडलं होतं, की पाच जणांवर चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी कळतात. पाच जणी ठरल्यात. उद्या गुरुवार, अनेकांचा उपास, मासळीला उठाव कमी. मावशींना बोलायला सवड असते. आज गर्दीत बघितलेलं उद्या निवांत विचारून घ्यायचं. सोबत पाण्याची वाटी न्यायची : बोटं बुडवल्याशिवाय कुणी फोनला हात लावायचा नाही.