चुन्याचा स्पंज आणि आमची बोडी

अकरावीच्या जीवशास्त्रात रंध्रीय प्राणीसंघाची तीन उदाहरणे ठरलेली असतात : सायकॉन, स्पॉन्जिला आणि युस्पॉन्जिया. तुमसर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी ती वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली. प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनच्या बरणीत सायकॉनचा एक पांढुरका नमुना होता. तो हातोहात फिरे, मुले पुस्तकात बघून आकृती काढत आणि पाठ संपे.

एका वर्षी मासेमारी करणाऱ्या ढीवर कुटुंबातल्या एका मुलाने विचारले, "सर, हा जीव आमच्या बोडीत असते का?" मी म्हणालो, "नाही रे, स्पंज समुद्रातला प्राणी. नाकाडोंगरीहून मुंबईचा समुद्र नऊशे किलोमीटर." वर्ग हसला, मुलगा खाली बसला. माझे उत्तर अर्धेच खरे होते. चूक असलेली बाजू त्या वेळी माझ्याच अक्षरात माझ्या पाठीमागे फळ्यावर लिहिलेली होती. निवृत्तीनंतर मी त्या उत्तराच्या मागे लागलो, त्याचीच ही हकीकत.

आधी खरी बाजू. सायकॉन हा चुन्याचा स्पंज. स्पंजांच्या नऊ हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांत चुन्याचा सांगाडा असलेल्या वर्गाचा, म्हणजे कॅल्केरियाचा, वाटा दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. या वर्गातला एकूण एक प्राणी खाऱ्या पाण्यात राहतो. नदीत, तळ्यात, बोडीत त्याची एकही जात नाही.

त्याच्या शरीराची रचना समजायला सोपी आहे. तोंड नाही, पोट नाही, मज्जासंस्था नाही. बाहेरच्या भिंतीवर असंख्य बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी आत शिरते आणि वरच्या मोठ्या तोंडासारख्या छिद्रातून बाहेर पडते. हा प्रवाह कॉलर पेशी चालवतात. प्रत्येक पेशीला एक चाबकासारखा केस आणि त्याभोवती बारीक जाळीची गळपट्टी असते. केस हलतो, पाणी ओढले जाते, गळपट्टीत जिवाणू आणि अन्नकण अडकतात. घर, स्वयंपाकघर आणि मोरी, सगळे त्या एकाच प्रवाहावर चालते.

या पेशी कुठे बसवल्या आहेत, यावरून तीन प्रकार होतात. सर्वांत साध्या रचनेत शरीर म्हणजे एक नळी आणि तिचे आतले अस्तर कॉलर पेशींचे. सायकॉनमध्ये त्या नळीच्या भिंतीला बोटांसारख्या घड्या पडतात आणि कॉलर पेशी त्या घड्यांत जातात. तिसऱ्या प्रकारात भिंत जाड होते, तिच्यात लहान लहान गोल कोठड्या तयार होतात आणि कालव्यांचे जाळे पाणी त्यांच्यापर्यंत आणते व पुढे नेते. कोठड्या जितक्या अधिक, तितके गाळणीचे क्षेत्र मोठे. म्हणून या प्रकारचे स्पंज चांगले जाडजूड होऊ शकतात.

हे सारे सावरून धरतात त्या कंटिका. चुन्याच्या स्पंजात त्या कॅल्साइटच्या असतात, आणि त्यांतली ओळखीची कंटिका तीन पात्यांच्या छताच्या पंख्यासारखी दिसते. एक कंटिका घडवायला सहा पेशी एकत्र येतात, प्रत्येक पात्याला दोन. चुना म्हटला की आम्लाशी वैर आलेच. बरणीतले फॉर्मॅलिन जुने होत जाते तसे आम्लधर्मी होते. हे वाचल्यावर मी परवानगी घेऊन आमच्या सायकॉनचा एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. एकही कंटिका उरली नव्हती. इतकी वर्षे मुले ज्या कंटिका काढत होती, त्या नमुन्यातून केव्हाच विरघळून गेल्या होत्या. कोणीच भिंगातून न पाहिल्यामुळे कोणाला पत्ताही लागला नाही.

मग हा प्राणी खरोखर राहतो कुठे? थंड समुद्रांतही चुन्याचे स्पंज आहेत. पण उष्ण पाण्यातले चांगले उदाहरण म्हणजे ल्युसेटा चागोसेन्सिस. रंग लिंबासारखा पिवळा, रचना तिसऱ्या, कोठड्यांच्या प्रकारची, राहणे प्रवाळखडकांच्या कपारीत आणि सावलीत. १९०५ साली स्टॅनली गार्डिनर यांच्या नेतृत्वाखाली 'सीलार्क' जहाजाने हिंदी महासागरात पाहणी केली. त्या मोहिमेतले चुन्याचे स्पंज लंडनला आर्थर डेंडी यांच्याकडे गेले. मालदीवच्या दक्षिणेकडील चागोस बेटांवरून डेंडींनी १९१३ साली या जातीला नाव दिले. पुढे ती तांबड्या समुद्रापासून पार पॅसिफिकमधल्या फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत नोंदली गेली.

एवढा पसारा, पण प्रवासाचे साधन तुटपुंजे. प्रौढ स्पंज खडकाला चिकटलेला. पिल्लू आईच्या शरीरातच वाढते, बाहेर पडते, थोडा काळ पोहते आणि कुठेतरी टेकते. अलीकडे जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा या एका नावाखाली प्रदेशागणिक वेगवेगळे वंश निघाले. नकाशावर सलग दिसणारा पट्टा प्रत्यक्षात अनेक तुकड्यांचा आहे.

आपल्याकडची एक नोंद तर मराठी वाचकाला जवळची वाटावी. द्वारका आणि बेट ज्या ओखामंडळात येतात, तो काठेवाडच्या टोकाचा भाग बडोदे संस्थानचा होता. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९०५-०६ मध्ये, जेम्स हॉर्नेल यांनी तिथल्या सागरी जीवांची पाहणी केली. तिचा अहवाल बडोदे सरकारला सादर झाला. त्यातल्या चुन्याच्या स्पंजांवरचे प्रकरणही डेंडींचेच. गायकवाडांच्या दप्तरात चुन्याच्या स्पंजांची नोंद आहे, हे मला शिकवायच्या वयात ठाऊक असते तर सायकॉनचा पाठ मी निराळा घेतला असता.

आता माझ्या उत्तराची चुकलेली बाजू. एका फाल्गुनात बोडीचे पाणी उतरल्यावर, बुडून राहिलेल्या एका बांबूवर मला हिरवट, खरखरीत थर दिसला. आधी शेवाळ वाटले. भिंगातून छिद्रे दिसली. वाळल्यावर त्याचा ठिसूळ जाळीदार सांगाडा उरला आणि हात लावताच बोटे खाजू लागली. घरी आणून एका वाटीत त्याचा तुकडा आणि दुसऱ्या वाटीत गोगलगाईच्या शिंपल्याचा तुकडा ठेवला, दोन्हींवर व्हिनेगर ओतले. शिंपल्यावर बुडबुडे आले. स्पंजावर काहीच नाही. त्याच्या कंटिका चुन्याच्या नव्हेत, सिलिकाच्या. हा गोड्या पाण्यातला स्पंज. फळ्यावरचे दुसरे नाव.

बोडीत चुना आहे, नाहीतर गोगलगाईला शिंपला कुठून मिळाला असता? म्हणजे केवळ चुन्याअभावी सायकॉन इथे नाही, असे म्हणता येत नाही. बोडीत टिकायचे तर दोन गोष्टी साधाव्या लागतात. पेशीत सतत शिरणारे गोडे पाणी बाहेर टाकावे लागते. गोड्या पाण्यातल्या स्पंजाच्या पेशींत त्यासाठी आकुंचन पावणाऱ्या पिशव्या असतात. आणि वैशाखात बोडी आटते तेव्हा जीव कुठेतरी राखून ठेवावा लागतो. हा स्पंज तो खसखशीहून बारीक, कवचबंद गोळ्यांत ठेवतो. त्या कोरड्या पडून राहतात, आणि पाणी आले की त्यांतून नवा स्पंज निघतो. चुन्याच्या स्पंजाकडे अशी बीजभांडी नाहीत. समुद्र आटत नाही, त्यामुळे त्याला त्यांची गरजही पडली नसावी.

हे गोड्या पाण्यातले स्पंज काही नवे नव्हते. १८४० च्या दशकात हेन्री कार्टर नावाचा लष्करी शल्यवैद्य मुंबईच्या तलावांतले स्पंज अभ्यासत होता. स्पंज वनस्पती की प्राणी, हा वाद तेव्हा पुरता मिटलेला नव्हता. त्याने मुंबईतून अनेक जातींची वर्णने लिहिली आणि एका जातीला पुढे त्याचेच नाव मिळाले. ती आज युनॅपियस कार्टेरी म्हणून ओळखली जाते. पुढे इंग्लंडला परतल्यावर त्याने ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचे चुन्याचे स्पंजही वर्णिले. त्या दोन्ही बाजू एकाच माणसाने पाहिल्या, याचे मूळ त्याच्या तलावावर जाण्याच्या सवयीत असावे.

एखादा जीव कुठे आढळतो याचा नकाशा दोन गोष्टींनी बनतो : तो जीव कुठे जगू शकतो, आणि तिथे कोणी पाहायला गेले होते का. चुन्याचा स्पंज नाकाडोंगरीत नाही, याचे कारण पहिले. गोड्या पाण्यातला स्पंज माझ्या वर्गात नव्हता, याचे कारण दुसरे.

तो मुलगा आता बापा झाला आहे. त्याची स्वतःची मुले शाळेत जातात. मी बांबूचा तुकडा घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने तो हातात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "हे तर आम्ही जाळ्यावरून रोज झटकतो, सर. अंग खाजते याच्यानं." तो ज्याविषयी विचारत होता, तो जीव त्याच्या जाळ्यावर आधीपासूनच होता. फक्त त्याला वर्गातल्या नावाशी जोडणारा माणूस त्या दिवशी फळ्याकडे पाठ करून उभा होता.